मुंग्यांचा पंचनामा

२ जून

निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी मला एक भिंतीवरचं घड्याळ आणि ही रोजनिशी दिली. घड्याळ त्याच आठवड्यात बंद पडलं. रोजनिशी आज उघडतोय, कारण ही म्हणाली, "अहो, दिवसभर माझ्या मागे बोलत हिंडण्यापेक्षा लिहीत का नाही?" ही म्हणजे माझी बायको. तिला वाटतं मी रिकामा बसलोय. मी रिकामा बसलेलो नाही, परिस्थितीचा अंदाज घेतोय.

सगळी हयात वजनमापे खात्यात काढली. मी बाजारात पाऊल टाकलं की दुकानदार उठून उभे राहायचे आणि तराजू आपोआप सरळ व्हायचे. आणि इथे, माझ्या स्वतःच्या घरात, झुरळ माझ्यासमोर मिशा हलवत उभं राहतं आणि जागचं हलत नाही! हवाच मेली अशी. मिठाच्या बरणीत पाणी, काड्यापेटीतल्या काड्या लुळ्या, कपाटातल्या कोटावर हिरवी बुरशी. माणसाचा जीव नकोसा होतो आणि किड्यांची मात्र चंगळ. पुस्तकांत कसर, दाराच्या चौकटीत वाळवी, स्वयंपाकघरात झुरळं. मुंग्या कुठे आहेत हे विचारू नये, कुठे नाहीत ते विचारावं.

हिचा उपाय काय, तर ओलं फडकं. मुंग्या दिसल्या की पुसायच्या. वर म्हणते, "त्यांनाही पोट आहे." याला काय अर्थ आहे? आजपासून किडे हे खातं माझ्याकडे, असं मी जेवताना जाहीर केलं. ही म्हणाली, "बरं. आणखी भात वाढू का?"

वाढ म्हटलं. हल्ली भूक चांगली लागते. निवृत्ती मला मानवली.

७ जून

झुरळांचा बंदोबस्त केला. पीठ, साखर आणि बोरिक पावडर एकत्र मळून गोळ्या वळल्या आणि प्रत्येक फळीच्या मागे ठेवल्या. साखर जरा जास्तच काढली गेली होती. वाया कशाला घालवायची, म्हणून पावडर मिसळायच्या आधी उरलेली खाऊन टाकली.

एक दांडगं झुरळ गोळीला न जुमानता उडालं. मी चप्पल घेऊन मागे धावलो. झुरळ मेलं, पण स्टुलाचा पाय माझ्या पायाच्या अंगठ्याला लागून सालपट निघालं. किरकोळ आहे. लढाईत एवढं चालायचंच.

उकाडा फार आहे. तांब्याभर पाणी उशाशी ठेवतो, ते सकाळपर्यंत संपतं. मग पुन्हा पुन्हा उठावं लागतं, पण त्यात आश्चर्य काय? जेवढं आत जाणार तेवढं बाहेर येणार. खात्यात याला आवक-जावक म्हणायचो.

१५ जून

नवी आघाडी उघडली. आमच्याकडे दोन बाथरूम आहेत. आतलं हिचं, कारण तिचे गुडघे दुखतात आणि तिला लांब चालवत नाही. बाहेरचं माझं. या माझ्या बाथरूममध्ये गेले काही दिवस मुंग्यांची रांग लागते. खिडकीतून येतात, पाइपावरून उतरतात आणि सरळ संडासाच्या भांड्यापाशी जमतात. साबणाकडे ढुंकून बघत नाहीत. दात घासायची पेस्ट गोड असते, तिलाही तोंड लावत नाहीत. फक्त खाली, जिथे चार थेंब उडतात, तिथे त्यांचा बाजार भरतो. आतल्या बाथरूममध्ये औषधाला एक मुंगी नाही.

तपासणीत मी नेहमी पहिला प्रश्न विचारायचो, माल येतो कुठून? खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघितलं. माझ्या खिडकीच्या बरोबर वर केकवालीची खिडकी.

ही बाई वर्षभरापूर्वी वरच्या मजल्यावर भाड्याने आली. तिशीची असेल. नवरा सोडून गेला, पाठीशी कुणी नाही. घरातच केक भाजते आणि विकते. पहाटेपासून त्या वासाने जिना भरलेला असतो. आमच्या हिचं तिच्याशी फार गूळपीठ. "वरची पोर" म्हणते तिला. मी म्हटलं, "तुझ्या वरच्या पोरीची साखर आपल्या घरात मुंग्या पाठवतेय."

ही म्हणाली, "उगाच काहीतरी. मधे आमचं स्वयंपाकघर सोडून मुंग्या तुमच्या संडासात कशाला जातील?"

बायकांना तर्कशास्त्र शिकवलं गेलं पाहिजे.

१८ जून

केकवालीच्या घराची पाहणी केली. पाहणी असं सांगितलं नाही, पाण्याचा दाब बघायला आलो म्हटलं. "या ना काका," म्हणाली आणि दार सताड उघडलं. चोराच्या उलट्या बोंबा असतात, इथे उलटं अगत्य.

स्वयंपाकघर इतकं स्वच्छ की मला संशयच आला. साखरेचे डबे घट्ट झाकणाचे. ओट्यावर कण नाही. ओव्हनच्या खाली वाकून बघितलं, तिथेही फरशी चकचकीत. आमच्या खात्यात म्हण होती, काटा फार बरोबर असला की दुकानदार फार लबाड असतो.

निघताना तिने केकच्या कापलेल्या कडा बशीत दिल्या. नमुना म्हणून स्वीकारल्या. घरी आणून तपासणार होतो, पण जिन्यातच तपासून झाल्या. साखरेचं प्रमाण भरपूर. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये असा खात्याचा दंडक आहे, तेव्हा पुन्हा जावं लागेल.

२४ जून

नमुने घेणं चालू आहे. आज चॉकलेटचा होता.

पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. ही चांभाराकडून पट्टा आणताना म्हणाली, "अहो, तुम्ही फार वाळलात. एवढं जेवता, जातं कुठे? डॉक्टरांना एकदा दाखवू या." मी म्हटलं, अगं, किड्यांमागे धावून अंग झडलंय. लोक पैसे देऊन व्यायामशाळेत जातात. डॉक्टरकडे धडधाकट माणूस शिरतो आणि आजारी होऊन बाहेर पडतो. मी नोकरीत एक दिवस आजारपणाची रजा घेतली नाही, आता काय घेणार?

चष्म्याचं दुकान बदलावं लागेल. नवीन काचा असून अक्षरं पुसट दिसतात. सगळीकडे फसवणूक.

१ जुलै

काल फवारणीवाला येऊन गेला. तोंडाला फडकं, पाठीवर टाकी, आव सेनापतीचा. सगळं घर धुरकट करून टाकलं. ही दिवसभर खोकत होती. झुरळं जागच्या जागी उताणी पडली. मला वाटलं, जिंकलो.

आज सकाळी माझ्या बाथरूममध्ये पुन्हा मुंग्या. आधी होत्या त्याहून जास्त, आणि काळ्यांबरोबर आता लालही. फवारणीवाल्याला फोन केला. म्हणाला, "साहेब, हवा दमट आहे, त्याला काय करणार? वर्षाचा करार करून टाका." मी म्हटलं, "अरे, पण बाकी घरात नाहीत, फक्त तिथेच का?" तर म्हणतो, "त्यांची आवड." कामात राम नाही कुणाच्या.

५ जुलै

आज शास्त्रीय प्रयोगाला सुरुवात केली. हिला म्हटलं, आठवडाभर तू बाहेरचं बाथरूम वापर, मी आतलं वापरतो. ही वैतागली. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या मुंग्यांपायी माझी फरफट." पण शास्त्रासाठी त्याग करावा लागतो, आणि तो तिने केला.

१२ जुलै

निष्कर्ष हादरवून टाकणारा आहे. बाहेरच्या बाथरूममधल्या मुंग्या गेल्या. एकूण एक. आणि आतल्या बाथरूममध्ये, जिथे कधी मुंगी फिरकली नव्हती, तिथे आता रांग लागली आहे. म्हणजे त्या बाथरूमकडे येत नाहीत. त्या माझ्या मागे येतात!

सकाळभर विचार केला. एवढं घर, एवढी माणसं, मलाच का? पहिली शक्यता, त्या मला ओळखतात. यात अशक्य काही नाही, एके काळी सगळी बाजारपेठ मला चालीवरून ओळखायची. दुसरी शक्यता अधिक पटते. केकवाली पिठीसाखर चाळते. ती पूड खिडकीतून खाली उतरते. त्या खिडकीखाली उभं राहून रोज निरीक्षण कोण करतं? मी. म्हणजे पूड माझ्या अंगावर बसते आणि मुंग्या माझ्या मागे लागतात. कोडं सुटलं.

हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली. उठून आतल्या बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ खाली बघत उभी राहिली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "हे असं किती दिवस आहे?"

मी म्हटलं, "आता पटलं ना?"

"उद्या डॉक्टरांकडे चला."

विषय मुंग्यांचा, आणि ही डॉक्टर घेऊन बसली! मी साफ नाही म्हटलं. तिने हात जोडले, रागावली, शेवटी रडली. बायका घाबरल्या की मूळ मुद्दा सोडतात. तिला समजावलं की डॉक्टर मुंग्या मारत नाहीत.

१६ जुलै

सोसायटीकडे लेखी तक्रार दिली. घरात व्यवसाय चालवून कीटकांना आमंत्रण देणाऱ्या भाडेकरूस जागा सोडण्यास सांगावे, अशी. तिच्या जागेचा मूळ मालक परगावी असतो. सोसायटीने ठराव केला, तर तो तिला काढेल.

आमचे अध्यक्ष चपलांचं दुकान चालवतात. सवयच अशी की बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. तक्रार वाचायच्या आधी म्हणाले, "अंगठ्याला काय झालं?" मी म्हटलं, जुनं आहे, जूनमधलं, झुरळामुळे. "महिना झाला की हो! अजून भरला नाही?" मी म्हटलं, अध्यक्षसाहेब, सध्या विषय मुंग्यांचा आहे. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला ठरली.

घरी ही माझ्याशी बोलत नाही. एकच वाक्य बोलली, "पोरीच्या पोटावर पाय देताय, आणि तोही असला पाय." माझा पाय मध्ये कुठून आला, कळलं नाही. पण संध्याकाळी गरम पाणी आणि मलम घेऊन आली आणि न बोलता अंगठा धुऊन पट्टी बांधली. मला तर दुखतसुद्धा नाही. उलट तळव्यांना हल्ली सारख्या मुंग्या येतात, जाणवत काही नाही. बाहेरच्या मुंग्या कमी होत्या म्हणून की काय, आता आतूनही.

२१ जुलै

केकवाली खाली आली. मला वाटलं, भांडायला आली. तशी तयारी ठेवली होती. पण ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "काका, मला दुसरीकडे जागा मिळणार नाही. एकट्या बाईला, वर ओव्हनसकट, कोण ठेवतं? इथे येईपर्यंत किती दारं झिजवली ते काकूंना विचारा." डोळे भरून आले होते, पण आवाज हलू दिला नाही. "एक करते. सभेपर्यंत ओव्हन बंद. साखरेचा एक डबा उघडणार नाही. तुमच्या मुंग्या गेल्या, तर मी स्वतःहून जागा सोडते. नाही गेल्या, तर मला राहू द्या."

न्याय्य प्रस्ताव. मंजूर केला.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "अगं, तू केकच्या ऑर्डरी घेतलेल्या आहेत ना? नाही म्हणून सांगणार?"

"सांगितलं सगळ्यांना, काकू."

ती गेल्यावर मला थोडं वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. नमुनेही आता मिळणार नाहीत.

२८ जुलै

जिन्यात वास नाही. चमत्कारिक वाटतं. सकाळी उठल्यावर काहीतरी चुकल्यासारखं होतं.

मुंग्या मात्र आहेत. वाढल्या आहेत.

काल दिवसभर याच्यावर विचार केला. ओव्हन बंद, साखर बंद आणि तरी मुंग्या. हे तिच्या बाजूने जातं, हे कबूल करायला हवं. मग लक्षात आलं, हा जुना साठा! वर्षभर उडालेली पूड भिंतींत मुरली आहे. दमट हवेत ती वितळते आणि झिरपते. म्हणजे ओव्हन बंद करून उपयोग नाही, समूळ उच्चाटनच हवं. चांगला निरीक्षक पुराव्याने खचत नाही.

अंगात त्राण नाही. दुपारी जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसलो. हवेचा परिणाम.

१ ऑगस्ट

हिचं डोकं एकदम ताळ्यावर आलं. आज सकाळी चहा देताना म्हणाली, "परवाच्या सभेत तुम्ही सगळं सविस्तर सांगा हं. काही गाळू नका."

मी चाट पडलो. "तू येणार?"

"येणार तर! पुढेच बसणार. आणि ते बाथरूम बदलल्याचं तर नक्की सांगा. तेच महत्त्वाचं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तहान लागते, पट्टा सैल झाला, तेही सांगा. मुंग्यांपायी तुम्हाला किती त्रास झाला ते लोकांना कळू दे."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामाचं महत्त्व पहिल्यांदा ओळखलं. देर आए म्हणतात तसं. संध्याकाळी ती अध्यक्षांकडे जाऊन आली. म्हणाली, खुर्च्या पुरतील का ते विचारायला गेले होते. केवढी काळजी घेते!

मोठ्या पुठ्ठ्यावर नकाशा काढायला बसलो. काळ्या मुंग्या काळ्या शाईने, लाल लाल शाईने, मी निळ्या.

४ ऑगस्ट

हे सरकारी दवाखान्यातल्या खाटेवरून लिहितोय. हातात सुई आहे, तेव्हा अक्षर वाकडं येणार.

काल सभा झाली. सगळी सोसायटी आली होती. केकवाली मागच्या भिंतीला टेकून उभी होती, खुर्ची रिकामी असून बसली नाही. ही पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून.

मी नकाशा टांगला आणि सुरुवात केली. आवाज छान लागला होता. मध्ये तीनदा पाणी प्यावं लागलं, प्रत्येक वेळी पेला संपेपर्यंत लोक थांबले. माल कुठून येतो, कुठे उतरतो, कुठे साचतो, सगळं पट्टीने दाखवलं. मग प्रयोगाकडे वळलो. मी बाथरूम बदललं आणि मुंग्यांनीही बदललं, हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारलं. परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा झाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मला वाटलं, टाळ्या.

अध्यक्ष उठले. माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "मुंग्या नेमक्या कुठे जमतात म्हणालात?"

सांगितलं.

"आणि वहिनी जातात तिथे नाहीत?"

"एक नाही."

"रात्री किती वेळा उठता?"

मी म्हटलं, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नाही. तोवर खजिनदार मागून ओरडले, "वजन उतरलंय का?" तळमजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या, "पायांना मुंग्या येतात का हो? आमच्या ह्यांना सुरुवात तशीच झाली." "नजर अंधूक?" "जखम चिघळते?" जो तो उठून विचारायला लागला. मला काही कळेना. मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो, कारण प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि आपल्या हालअपेष्टांची एवढी चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

मग समजलं की आमची अर्धी सोसायटी साखरेची आहे. माझ्या नकाशासमोर त्यांचं संमेलनच भरलं. कुणाची गोळी कुठली, कुणाला सुई, कुणी कारल्याचा रस पितो. अध्यक्षांनी पिशवीतून एक लहानसं यंत्र काढलं आणि म्हणाले, "बोट द्या."

मी म्हटलं, "यंत्र प्रमाणित आहे का? शिक्का दाखवा."

"बोट द्या हो!" ही म्हणाली. एवढ्या मोठ्याने तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं.

टोचलं. यंत्राने आकडाच दाखवला नाही. त्याच्या मापात बसेना इतकी साखर निघाली. मी म्हटलं, बघा, बिघडलंय. अध्यक्षांनी मुकाट्याने स्वतःच्या बोटाचं रक्त घालून दाखवलं. व्यवस्थित आकडा आला. दुसऱ्याचं माप खोटं ठरवण्यात माझी हयात गेली आहे, पण त्या यंत्रात मला खोट काढता येईना.

खजिनदार हळूच कुणाला तरी म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मला ऐकू आलं. मी बसायला गेलो तर खुर्ची जिथे वाटली तिथे नव्हती. मला धरलं केकवालीने. मागच्या भिंतीपासून ती कधी पुढे आली कोण जाणे. तिनेच गाडी बोलावली, तिनेच माझी एक बाजू उचलली, दुसरी अध्यक्षांनी. गाडीत अध्यक्ष पूर्ण वेळ अंगठ्याकडे बघत होते.

ठराव मांडायचा राहून गेला.

५ ऑगस्ट

आज मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली. आणखी पंधरवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं, असं म्हणाले. आता अंगठा तरी वाचवू, बघू. ते अगदी सहज बोलले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी घाबरलो. दुसरा शब्द नाही. बाजारात माझ्यावर एकदा किलोचं वजन भिरकावलं होतं, तेव्हाही घाबरलो नव्हतो.

हिला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती माझ्या खाटेवरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "माझ्या वडिलांच्या मोरीत अशाच मुंग्या यायच्या. मी लहान होते. आई रोज पाणी ओतायची आणि मुंग्यांना शिव्या द्यायची. कुणाला काही कळलं नाही. मग त्यांचा पाय कापला, आणि मग तेही राहिले नाहीत. बाथरूम बदलल्यावर मुंग्या तुमच्यामागे आल्या म्हणालात ना, तेव्हाच मी ओळखलं. तुम्ही माझं ऐकेनात. म्हटलं, चार माणसांसमोर तरी ऐकतील."

तिचे वडील मधुमेहाने गेले हे मला माहीत होतं. मुंग्यांचं तिने कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मला फार रडू आलं आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

१९ ऑगस्ट

घरी आलो. अंगठा शाबूत आहे. चप्पल अध्यक्षांनी दुकानातून खास रुंद तोंडाची पाठवली.

दवाखान्यात होतो तोवर दोन्ही वेळचा डबा केकवालीने आणला. भाकरी, भाजी, बिनसाखरेचा चहा. मी एकदा म्हटलं, "तुझ्याविरुद्ध तक्रार दिली मी, आणि तू डबे आणतेस?" म्हणाली, "काकूंनी सांगितलं, म्हणून आणते. तुमच्यावरचा राग अजून आहे, काका." स्पष्ट बोलते. मला आवडलं.

तक्रार मागे घेतली. अध्यक्षांना पुरवणी निवेदन दिलं की सदर भाडेकरू निर्दोष असून, निम्नस्वाक्षरीकाराने चिकाटीने केलेल्या संशोधनामुळेच निम्नस्वाक्षरीकाराचा आजार वेळेत उघडकीस आला. प्रयोग माझा, नकाशा माझा, हे नाकारून चालणार नाही. ही वाचून म्हणाली, "हो का?" आणि कांदा चिरायला गेली.

आज सकाळी जिन्यात पुन्हा वास होता.

१४ सप्टेंबर

मुंग्या गेल्या. गोळ्या चालू झाल्यापासून दोन्ही बाथरूम कोरडी ठाक. तरी खबरदारी म्हणून मी खिडकीत मुंग्यांची पावडर टाकायला गेलो, तर हिने हात धरला.

"तिथे टाकायची नाही. घरात दुसरीकडे कुठेही टाका."

"का?"

"त्या माझ्या आहेत," म्हणाली.

रोज सकाळी माझ्यानंतर ती आत जाते, गुडघ्यांवर हात ठेवून वाकते, खाली बघते आणि समाधानाने बाहेर येते. एवढी वर्षं खात्यात होतो, पण इतकी नियमित तपासणी मी कुणाची केली नाही.

२ ऑक्टोबर

अध्यक्षांच्या नातवाचा वाढदिवस गेल्या आठवड्यात झाला. केक अर्थातच वरचा. एक तुकडा घेतला, केवळ सभ्यतेपोटी. दुसऱ्या दिवशी उरलेला संपवायला त्यांनी मदत मागितली. त्यानंतर दोन-तीनदा त्यांच्या दुकानावरून सहज गेलो, तर तिथेही एक डबा होता. अध्यक्ष म्हणाले, वहिनींना सांगू नका, मीही आमच्या हिला सांगत नाही. साखरवाल्या माणसाचं दुःख साखरवाल्यालाच कळतं.

आज सकाळी बाथरूममध्ये गेलो आणि खाली बघितलं. पाइपावरून एक काळी येत होती. तिच्या मागे आणखी काही. फार नाहीत, पण रांग होती, आणि रांगेला कुठे जायचं ते ठाऊक होतं.

मी कडी घातली. मगभर पाणी ओतलं, मग आणखी मगभर. वाहून गेल्या सगळ्या. एक तेवढी भिंतीवर चढून बसली होती. चिरडायला बोट पुढे केलं आणि का कोण जाणे, चिरडवेना.

बाहेरून हिचा आवाज आला, "एवढं पाणी कशाला ओतताय?"

 ती मुंगी खाली उतरली, फरशी ओलांडली आणि दाराखालच्या फटीतून बाहेर गेली.

बाहेर तिच्या बांगड्या खाली, फरशीजवळ वाजल्या. मग ही म्हणाली, "उद्या सकाळी उपाशी राहा. आपण डॉक्टरांकडे चाललोय. आणि जाताना अध्यक्षांनाही बरोबर घेऊ."